बू हसनाचं घर चाललं तो शुक्रवार

आधी बू हसनाचं नाव घेतो, मग बाकीचं. 'बू' म्हणजे आपण काकी म्हणतो तसं. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या एका खेड्यात या बाईनं मला तिच्या घराची मागची खोली राहायला दिली, ताप आला तेव्हा उशाशी बसून पेज पाजली, आणि एका शुक्रवारी असं काही केलं की त्यामुळे माझी आई आज रोह्याला माझ्या बहिणीच्या घरी चहा पिते आहे. बू हसनाला यातलं अर्धंसुद्धा माहीत नाही. तिला मराठी येत नाही आणि मला तिची भाषा बाजारापुरती येते. तिला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

मी पेणच्या खाडीकडच्या गावातला. शाळा सातवीला सुटली. कशी सुटली ते सांगत बसत नाही, सुटली. सुरेखाताईचं सासर रोह्याला, म्हणून तिच्याकडे राहून धाटावला रसायनांच्या कंपनीत हेल्पर म्हणून लागलो. मग फिटर झालो, मग बॉयलर उभे करणाऱ्या टोळीत गेलो, आणि टोळी नेईल तिथे जात राहिलो. या खेड्याजवळ पामतेलाची गिरणी उभी राहते आहे. तिचा बॉयलर आम्ही चढवतोय.

बू हसनाचं घर उंच लाकडी खांबांवर आहे. खाली कोंबड्या, मोटारसायकल, दोरीवर कपडे, आणि ताडपत्रीवर सुकत घातलेल्या कोकोच्या बिया. त्या बियांना आंबूस वास येतो, ताकाचं मडकं उन्हात राहिल्यासारखा. पहिल्या दिवशी मी त्या वासानं खाली उकिडवा बसलो आणि उठेचना. सोबतचा तमिळ वेल्डर म्हणाला, "काय रे, उलटी होते का?" मी म्हटलं, नाही. मला ओहोटीनंतरचा आमचा चिखल आठवला होता. तसाच आंबूस, तसाच नाकात बसणारा. नांगरलेल्या रानाचा वास कुणालाही आवडेल. खाडीच्या चिखलाचा वास ज्याच्या आईनं त्यात पाय रोवून भात लावलं त्यालाच आवडतो.

आमची शेतं समुद्रसपाटीच्या खाली म्हणावी अशी. खाडी एका बाजूला, भात दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये मातीचा बांध. त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणायचो. गावाचं सगळं जगणं त्या बांधाच्या आत. बांधात पाणी बाहेर सोडायचं लाकडी दार होतं, उघाडी. ओहोटीला ते आपोआप उघडायचं, भरती चढली की पाण्याच्या दाबानं मिटायचं. मिटताना धप्प असा आवाज व्हायचा. आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "लागली भरती." घड्याळ आमच्याकडे नव्हतं आणि त्याचं कुणाला अडलंही नव्हतं.

घराला लागून तळं, तळ्यात जिताडे. जिताडा मोठा झाला की त्याला पाहुण्यासाठी राखायचा, आणि पाहुणा आला की आई आधी तळ्याकडे बघायची, मग पाहुण्याकडे. बाबा चिडवायचे, "अगो, त्याला 'ये बस' तरी बोल. माशाला नंतर बोलव." लाल तांदळाची पेज, सुक्या सोड्यांची चटणी, थंडीत वालाच्या शेंगा. खारं वारं सुटलं की भिंतीला पांढरी बुरशी यायची, मिठाची. आम्ही पोरं ती जिभेनं चाटून बघायचो. दोरीवरचे कपडे वाळून कडक व्हायचे, अंगाला घासायचे.

आमच्याकडे जमिनीचे धनी होतेच, पण पोरांचीही मालकी होती. बांधापलीकडे तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांमध्ये चिंबोऱ्यांची बिळं असायची. ती बिळं आम्ही वाटून घेतलेली. हे माझं, हे ताईचं, हे शेजारच्या बाळ्याचं. दुसऱ्याच्या बिळात हात घातला की पंचायत बसायची, बांधावरच, उघडी-नागडी. ताई लग्न होऊन रोह्याला निघाली तेव्हा रडून रडून तिचे डोळे सुजले होते, तशातही मला बाजूला घेऊन म्हणाली, "वाकड्या तिवराखालचा बीळ तुला देते. बाळ्याला घालू देव नको हात." मी ते बीळ बरीच वर्षं सांभाळलं.

आणि खांड जायची तो दिवस. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. उधाणाच्या भरतीला बांध कुठंतरी नरम पडायचा आणि खारं पाणी भातात घुसायचं. कुणीतरी पत्र्याचा डबा बडवत गावातून धावायचा, "खांड गेलीऽऽ." मग जेवत असला तरी उठायचं. घरटी एक माणूस बांधावर. तो बांध कुणा एकाचा नव्हता. सगळ्यांच्या शेताचा होता. चिखलाची ढेकळं कापायची, पेंढ्यात गुंडाळायची, ओळीनं हातोहात पुढे द्यायची आणि खांडीत टाकायची. बाबा नेहमी पुढे, छातीभर पाण्यात, टाकलेली ढेकळं खांद्यानं रेटून धरत. आई काठावरून ओरडायची, "दुसरा खांदा लाव! एकच खांदा मोडशील काय?" बाबा पाण्यातून, "तू ये, तुझा लावतो." सगळी ओळ हसायची आणि हसता हसता ढेकळं पुढे सरकायची. खांड बुजली की सगळे तिथेच चिखलात बसायचे. बायका टोपल्यांतून भाकऱ्या आणायच्या. हात धुवायला कुणी जायचं नाही. चिखलाच्या हातांनी भाकरी तुटायची.

ज्या घरचा माणूस आला नाही त्याच्या दारात एक चिखलाचा गोळा ठेवत. कुणी काही बोलायचं नाही, शिवी नाही, दंड नाही. नुसता गोळा, उंबऱ्यासमोर. त्या घरच्या बाईला तो उचलून स्वतः बांधावर नेऊन लावावा लागे, गावादेखत. एकदा एका घरी गोळा बसला तर त्या घरची म्हातारी आठ दिवस पाणवठ्यावर आली नाही. इतकी लाज होती त्या चिखलाच्या गोळ्याला.

पुढे घरटी एक माणूस राहिलाच नाही. कुणी पेणला, कुणी नागोठण्याला, माझ्यासारखे धाटावच्या शिफ्टला. मी सुट्टीला गावी गेलो की आई माझा शर्ट दाराबाहेरच उतरवून घ्यायची. "या तुमचे कंपनीचा वास माझे चुलीपरत नको." पाण्यात भिजवायची, पुन्हा भिजवायची, मग उघाडीजवळच्या वाऱ्यावर वाळत टाकायची. परतताना शर्टाला खाडीचा वास असायचा. पॅसेंजर रोह्याआधी निडीला थांबली की मी बाही नाकाशी धरायचो. रोहा येईपर्यंत तो वास पुरवायचा असायचा.

बाबा गेले. त्यानंतर कितीतरी पावसाळे बांध टिकला. गेल्या भाद्रपदात मोठी खांड गेली. डबा वाजला नाही. वाजवणाराच नव्हता. आईनं मला फोनवर सांगितलं ते एवढंच, "खांड गेली र बाला. कुणाचे दारात गोला ठेवू? दारांना कुलपं हायत."

ती खांड बुजली नाही. प्रत्येक उधाणाला पाणी आत येऊ लागलं. भाताच्या खाचरांत तिवरं उगवली. तळ्यातले जिताडे खाडीत गेले की खाडी तळ्यात आली, कळलं नाही. सातबाऱ्यावर अजून बाबांचं नाव आहे आणि त्या नावावरून दिवसातून दोनदा पाणी फिरतं. लोक एकेक करून रस्त्याच्या कडेला उंचावर गेले. शेवटी आमच्या आळीत आई उरली, बाबांनी बांधलेल्या घरात, दगडी जोत्यावर. आणि उधाण दर वेळी जोत्याची एकेक पायरी चढत होतं.

मी हजारो मैल लांब, लोखंडाच्या शिडीवर. सकाळ-संध्याकाळ फोन करायचो.

"आई, ताईकडं जा."

"मना नाय जायाचा. तू तुझा काम कर."

"पाणी घरात आलं तर?"

"आयला त खाटेवर बसन."

"आणि खाट बुडाली मग?"

"मंग माल्यावर. आता ठेव फोन, तुझा बॅलन्स जातंय."

ताई दोनदा जाऊन रडून आली. दाजी रागावून आले. आई हटेना. म्हणायची, घर रिकामा टाकला का घर मरतंय. तुझा बापूस पाण्यात उभा राहून जो वाचवला त्यो मी टाकून जाव? पुढच्या अमावास्येच्या उधाणाला पाणी घरात शिरणार हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. मला जेवण जाईना. शिडीवरसुद्धा फोन खिशातून काढून बघत राहायचो.

अशात एका संध्याकाळी बू हसना भात वाढता वाढता म्हणाली की शुक्रवारी ती घर हलवणार आहे. मला वाटलं सामान. ती म्हणाली, "नाही, घर." खालची जमीन तिच्या दिराची. दिराच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्याला तिथे घर बांधायचंय. तिची वडिलांकडची जागा मशिदीच्या पलीकडे, तर ती तिकडे जाणार. भांडण नाही, तंटा नाही. त्या भागात जमीन एकाची आणि वरचं घर दुसऱ्याचं असू शकतं.

मी विचारलं, "आणि घराचं काय?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या पायांबद्दल विचारतोय. म्हणाली, "घर येईल ना."

शुक्रवारी दुपारची नमाज झाली आणि सगळा गाव अंगणात लोटला. आदल्या दिवशी खांबांना लांबलचक बांबू आडवे बांधून ठेवले होते. बायकांनी चहा आणि केळीच्या पानातली गोड खीर वाटली. घराच्या मधल्या खांबाला ते लोक घराची बेंबी म्हणतात. बू हसनानं त्याला हात लावला, काहीतरी पुटपुटली. माणसं बांबूंखाली शिरू लागली. एक मिशीवाला मला बघून ओरडला, "अरे, हा हिंदी सिनेमावाला! गाणं म्हणत उचलणार का?" सगळे हसले. मी बाजूला उभा होतो. परक्या माणसाचं काय काम तिथे. बू हसना आली, माझ्या दंडाला धरून मला बांबूपर्यंत नेलं आणि म्हणाली, "तू माझ्या घरात राहतोस. तुझा खांदा पण लागतो."

तेवढ्यात खिशात फोन वाजला. ताईचा, व्हिडिओवर. तिकडे सकाळ. ती गावी गेली होती, आईला शेवटचं समजवायला; अमावास्या दोन दिवसांवर. ताईचा आवाज फाटला होता. "तूच सांग हिला. ही खाटंचा पाय धरून बसलीय." आणि इकडे म्होरक्यानं हाळी दिली. खांदे बांबूला लागले. बू हसनानं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

घर उठलं. आधी नुसतं करकरलं. मग सगळ्यांच्या छातीतून एकदम हुंकार निघाला आणि माझ्या मानेवर लाकडाचं ओझं आलं. पायाखालची जमीन वीतभर खचल्यासारखी वाटली. घर चालायला लागलं. छपराखाली कोंबडा ओरडत होता, तो आत राहून गेला होता.

बू हसना आमच्यापुढे उलटी चालत होती, माझ्या तोंडासमोर फोन धरून. पडद्यावर आईचा एक डोळा आणि अर्धं कपाळ. मला बोलता येत नव्हतं, दात आवळलेले. आईचा आवाज येत होता.

"ह्यो काय र? डोक्यावर काय घेतलास?"

बू हसना तिच्या भाषेत सांगत राहिली, हातवारे करत, हसत.

"सुरेखा, ह्यो घर हाय का काय? अगो, घर चालतंय!"

ताई म्हणाली, "त्या बाईचं घर आहे, आई. दुसऱ्या जागेवर नेतायत."

"चूल कंय हाय तिची? चूल नेली का नाय?"

बू हसनानं फोन क्षणभर आपल्याकडे वळवला; ताईनं हातानं चूल पेटवल्याची खूण केली असावी, कारण तिनं तो एकदम खिडकीकडे उंच धरला. खिडकीतून आतली चूल दिसली असणार, राखेसकट. आई खळखळून हसली. कितीतरी महिन्यांनी मी ते ऐकलं. फोन परत माझ्यासमोर आला तर आई ओरडतेय, "दुसरा खांदा लाव! एकच खांदा मोडशील काय?"

माझे डोळे भरले. पुसायला हात मोकळा नव्हता. मी खांदा बदलला. मागचा माणूस शिव्या देत होता, त्याची लय चुकली म्हणून.

मशिदीपलीकडे दगड मांडून ठेवले होते. घर थोडं डावीकडे, थोडं मागे, मग हळू, हळू, आणि बसलं. सगळे खाली कोसळले, घामानं निथळत, त्याच घराच्या सावलीत. कोंबडा उडी मारून बाहेर आला आणि नव्या जागेवर इकडेतिकडे बघत उभा राहिला, सरकारी पाहणीला आल्यासारखा.

बू हसनानं फोन माझ्या हातात दिला. आईनं विचारलं, "जमीन?"

मी म्हटलं, "जमीन तिथंच राहिली, आई. ती तिची नव्हती."

"घर तिच्या संगती आयला."

"हो."

मागे ताईचं नाक ओढणं ऐकू येत होतं. बू हसनानं फोनमध्ये डोकावून पाहिलं, आईचा चेहरा पाहिला, आणि नुसती आपल्या घराच्या पायरीवर बसली. फोनकडे बघत शेजारची जागा हातानं थोपटली. ये, बस. एवढंच. फोनमधली ही बाई कुठली, कुठल्या पेणच्या खाडीतली, बू हसनाला ठाऊक नव्हतं. ती पायरीवर सरकून जागा करत होती.

आई म्हणाली, "आमचा नाय चालायचा र. आमचा दगडाचा हाय. आणि खांदे कंय हायत?"

बांबूंखालची ती सगळी माणसं माझ्यासमोर खीर खात होती. त्यांतल्या एकानं मला विचारलं होतं, तुझं घर कधी उचलायचं, आम्ही येतो. खरंच आले असते. मी त्याला मधला समुद्र कसा दाखवणार?

आई उठली. ताईनं नंतर सांगितलं ते असं. आईनं घर झाडलं. भुई सारवली, उद्या पाहुणे येणार असल्यासारखी. चुलीतला विस्तव विझवला नाही, राखेखाली झाकला. भिंतीवरचा बाबांचा फोटो आणि फळीवरचा देव्हारा पिशवीत घातला. ताई कुलूप शोधू लागली तर आई म्हणाली, "कुलूप नको. पानी दार फोडून येल. पुढचा उघड, मागचा पण उघड. येऊ दे आणि जाऊ दे." दोन्ही दारं सताड उघडी ठेवून ती बांधावरून ताईबरोबर चालत निघाली. मागे वळून पाहिलं का, असं मी ताईला विचारलं नाही.

अमावास्येला पाणी आलं. पुढच्या दारानं आलं, मागच्यानं गेलं. घर दोन भरत्या उभं राहिलं. तिसऱ्या भरतीला मागची भिंत बसली. शेजारच्या उंचावरच्या माणसानं ताईला फोन करून सांगितलं. आई त्या वेळी पोहे निवडत होती. म्हणाली, "बसला? दारं उघडी होती म्हनून दोन भरत्या टिकला." आणि निवडत राहिली. त्या रात्री, ताई म्हणते, ती गच्चीवर गेली आणि धाटावकडून येणारा तो कंपनीचा वास नाकात घेत बसली. म्हणाली, या वासानं मना झोप येत नाय.

अजूनही येत नाही. फोनवर ती मला गावाचं काही विचारत नाही. तिचं तळं, तिची उघाडी, ताईनं माझ्या नावावर केलेलं ते बीळ, सगळ्यावरून भरती-ओहोटी चालू आहे, आणि पडलेल्या भिंतीवर आता तिवराचं रोप आलं असेल. मी रात्री जागा असतो. गिरणीचा बॉयलर उभा राहिला की आमची टोळी दुसरीकडे जाईल. कुठे, कुणी सांगत नाही. मी कुठून आलोय हे दाखवायला आता माझ्याकडे जागाच नाही. कुणी विचारलं तर पेण म्हणतो आणि पुढचं बोलत नाही.

पण आई आहे. फोन उचलते. पहिलं वाक्य ठरलेलं, "ती बाय बरी हाय ना? तिचा घर नीट बसला ना?"

बू हसना, ऐक. तुला वाचता येणार नाही तरी ऐक. घरात एखादं लग्न होईल, वाटण्या होतील, नदी सरकेल, काहीतरी होईलच, आणि तुझं घर पुन्हा उठेल. तेव्हा कुणाच्याही हाती निरोप धाड. मी जगात कुठल्याही शिडीवर असलो तरी उतरून येईन, आणि आईला घेऊन येईन. ती तुझ्यापाशी, तुझ्या घराच्या पुढे चालेल आणि माझ्यावर ओरडेल. मी बांबूखाली असेन.

याहून दुसरं काही तुला द्यायला माझ्यापाशी नाही. एवढं मात्र देईन.